कौशल्याच्या बिल्ल्यावर

सोमवार, ९ जानेवारी १९६१
सकाळी दाट धुके, नऊनंतर ऊन. यांच्या डब्यात पोळी व मेथी. वर्गात बावीस मुले, तीन गैरहजर. दोघांना गोवर, तिसऱ्याचे कारण कळले नाही. सव्वीस तारखेची कविता फळ्यावर लिहून दिली. घरचा अभ्यास : आईचे नाव विचारून येणे. नागपूरला आईस पत्र टाकले. शेजारच्या नळाला पाणी नाही, म्हणून दोन बादल्या त्यांना दिल्या.

शीलाची डायरी अशी असे. घडले ते लिहायचे, वाटले ते नाही, ही सवय तिला नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये लागली होती. तिथल्या सिस्टर दर शनिवारी वह्या तपासत आणि जिथे पोरींनी मनचे काही लिहिले असेल तिथे लाल पेन्सिलीने रेघ मारत. लग्नानंतर शीला भिलाईला आली. नवरा श्यामराव पोलाद कारखान्याच्या कचेरीत कारकून होता. कॅम्प-१ मध्ये त्यांना दोन खोल्यांचे क्वार्टर मिळाले होते. क्वार्टरच्या पलीकडे मजुरांच्या झोपड्यांची वस्ती सुरू होई. भंडारा, बालाघाट, चांदा भागातून आलेली माणसे तिथे राहत. सरकारी शाळा हिंदीची. तिथे ही मुले जात, मागच्या बाकावर बसत आणि बहुतेक वेळा शाळा सोडून परत येत. म्हणून शीलाने दुपारचा मराठी वर्ग सुरू केला. जागा होती ठेकेदाराची सिमेंटची जुनी शेड. ती मिळाली भैयालालमुळे.

भैयालाल ठेकेदाराचा हजेरी मुंशी. रायपूरकडचा माणूस, पन्नाशीचा, कानाच्या मागे कायम पेन्सिल. सकाळी सहाला तो गेटपाशी खुर्ची टाकून बसे आणि मस्टर उघडून एकेक नाव पुकारी. नाव पुकारले की माणसाने "हाजिर" म्हणायचे, गळ्यातला पितळी बिल्ला दाखवायचा आणि आत जायचे. बिल्ल्यावर आकडा असे. आकडा आणि नाव जुळले की त्या दिवसाची रोजी पक्की. शेडची किल्ली देताना तो शीलाला म्हणाला होता, "बहनजी, बच्चे पढ़ें, अच्छी बात है। बस छब्बीस जनवरी को हमको भी कुर्सी मिलनी चाहिए।"

त्या सव्वीस जानेवारीसाठी शीलाने स्वतःच चार ओळी बांधल्या होत्या. तिच्या शाळेत इंग्रजांच्या राजाच्या वाढदिवसाला राजाची कविता म्हणत आणि राजाचे नाव आले की सगळ्या मुली मान झुकवत. कवितेत मुलीचे स्वतःचे नाव कुठे येत नसे. ही कविता शीलाने उलटी बांधली. प्रत्येक मुलाने माइकपुढे यायचे आणि त्याच ओळी आपापल्या नावांनी म्हणायच्या :

नाव माझे अमुक, गाव माझे भिलाई,
बाप माझा तमुक, अमकी माझी आई.
देशाच्या वहीत लिहा आमचे पुरते नाव,
इथे नाही मोठे कोणी, इथे एकच गाव.

श्यामरावांनी कागद हातात घेऊन वाचला. "बापाचं नाव ठीक आहे. आईचं कशाला? कुठल्या फॉर्मात आईच्या नावाचा रकाना असतो?"

"नसतो, म्हणूनच कवितेत घातलं."

"मुलं तरी ओळखतात का आईला नावानं?"

ओळखत नव्हती. दुसऱ्या दिवशी बावीसांपैकी सात जणांनी नाव आणले. बाकीच्यांनी वेगवेगळे काही आणले. एक म्हणाला, "बाई, तिचं नाव मायच हाय." एकाच्या बापाने "तुले काय कराचं हाय?" म्हणून पाठीत धपाटा घातला होता. एका मुलीने आईची दोन नावे आणली, माहेरचे आणि लग्नात बदललेले, आणि कुठले घालू म्हणून विचारले. शीलाने सांगितले, आईला जे आवडते ते घाल. मुलगी म्हणाली, आईला दोन्ही आवडत नाहीत.

मग नलू उभी राहिली. नऊ वर्षांची, काळी, लांब मानेची पोर. वर्गात सगळ्यांत स्वच्छ म्हणायची ती, आणि तिचा आवाज शेडच्या शेवटच्या पत्र्यापर्यंत जाई.

"माह्या मायचे बी दोन नावं हायेत, बाई. घरी भागीरथा, कामावर कौशल्या."

मागून एक पोरगा ओरडला, "कामावर नाव बदलते का कुठी? लुगडं हाय का ते बदलाले?"

सगळी मुले हसली. नलू वळून म्हणाली, "हजेरी तशीच लागते! कौशल्या माही मोठी माय हाय, ते गावाले हाय. तिचा बिल्ला माह्या मायजवळ हाय."

शीलाने तिला बसायला सांगितले आणि पाढे घेतले. संध्याकाळी डायरीत तिने बावीस मुलांची नावे आणि समोर मिळाली तेवढी आयांची नावे लिहून ठेवली. नलूच्या नावासमोर 'भागीरथा' लिहिले. पुढचे लिहिले नाही.

दिवे लागायच्या आत भागीरथा क्वार्टरच्या पायरीशी आली. कामावरूनच आली होती. भुवयांवर सिमेंटची धूळ, हातात चुंबळ. आत ये म्हटले तरी आली नाही. पायरीवर टेकली.

"बाई, पोट्टीनं काई सांगतलं का वर्गात?"

"सांगितलं."

"सगळ्याईच्या समोर?"

"हो."

"भैयालालचा पुतन्या हाय का तुमच्या वर्गात?"

"नाही. तो हिंदी शाळेत जातो."

"मंग बरं." तिने चुंबळ पायरीवर ठेवली. मग तिने जे सांगितले ते असे.

भागीरथा आमगावकडची. बाप दुसऱ्यांच्या बांधीत धान रोवायला जाई. तीही पाच वर्षांची असल्यापासून रोवणीला वाकलेली. तेराव्या वर्षी रामाजीशी लग्न झाले. रामाजीचा मोठा भाऊ फकिरा आणि फकिराची बायको कौशल्या हे दोघे सत्तावन्न साली आधी भिलाईला आले. कौशल्याचे नाव मस्टरवर चढले, तिला बिल्ला मिळाला. सहा महिन्यांनी रामाजी आणि भागीरथा तान्ह्या पोराला आणि नलूला घेऊन गाडीने पावर हाउस स्टेशनला उतरले. तोवर बायांची भरती बंद झाली होती. रामाजीला काम मिळाले, भागीरथाला नाही. त्याच पावसाळ्यात तान्हे पोर गेले. त्याच पावसाळ्यात कौशल्या आजारी पडून गावी परतली, आणि जाताना आपला बिल्ला जावेच्या गळ्यात घालून गेली. "तू जाय माह्या नावानं. मी येईन तवा परत दे," म्हणाली. ती परत आली नाही. पुढच्या वर्षी फकिराही तिच्या मागे गावी गेला. मग रामाजीला दम्याने धरले. दोन वर्षे झाली तो झोपडीपुढे बसून होता. घर भागीरथाच्या डोक्यावरच्या घमेल्यावर चालले होते. भट्टीच्या पायात, चिमणीच्या पायात, रुळांच्या भरावात, साडेतीन वर्षे तिने खडी-गिट्टी वाहिली, ती सगळी कौशल्याच्या नावाने.

"मस्टरमधी कसं लिवलं हाय, मालूम हाय का?" भागीरथाने मान खाली घातली. "कौशल्या, फकिरा की औरत. रोज सकाळी भैयालाल असंच पुकारते. फकिरा माहा भासरा हाय, बाई. मोठा दीर. त्याच्या समोर मी कधी डोक्यावरचा पदर खाली नाई केला. अन रोज चारशे मानसांत त्याची बायको म्हनून हाजिर म्हनते."

शीला आत गेली. तिने चहा आणला. भागीरथाने तो बशीत ओतून घेतला.

"सांगून का नाही टाकत भैयालालला?"

"कवा सांगू? आता पह्यला टप्पा सरून राहिला. भैयालाल यादी करून राहिला. ज्याची तीन साल हजेरी पुरी, तो राह्यते. नवा मानूस घरी जाते. कौशल्याची साडेतीन साल हायेत. भागीरथाची एक दिवस बी नाई. नाव सांगतलं का मी नवी झाली. नवी झाली का गेली." तिने बशी खाली ठेवली. "म्हनून म्हनते, नलूले कौशल्याच म्हनू द्या. भैयालाल समोर खुर्चीवर बसन. बसते ना तितलंच? भागीरथा आई, कौशल्या आई?"

शीलाने मनात मात्रा मोजल्या. बसत होते. जरा अधिकच बरे बसत होते.

"वर्गात आईचं खरं नाव विचारून या म्हणून मीच सांगितलं, भागीरथा. आता तिलाच खोटं म्हणायला कसं शिकवू?"

"कामावर चालते, कवितेत चालत नाई?" भागीरथा उठली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. चुंबळ उचलून ती म्हणाली, "तुमी शिकल्या-सवरल्या. पहा काई निंगते का त्यातून."

त्यातून काय निघते ते शीला पुढे दहा दिवस पाहत राहिली. पहिला विचार आला, आईची ओळच काढून टाकावी. पण तोवर ती ओळ वस्तीभर झाली होती. मुले नळावर म्हणत, रेशनच्या रांगेत म्हणत. संक्रांतीला तिळगूळ घेऊन गुलाब आली. तिचा मुलगा वर्गात होता, तीही रेजा, म्हणजे मजूरबाई, म्हणून गिट्टी वाहायची. "बाई, माहं नाव भोंग्यातून निंगनार म्हने?" तिने विचारले. "मी तं त्या दिवशी आर्धा दिवस खाडा करून येनार हाओ. माह्या लग्नात बी माहं नाव कोनी येवढ्या जोरानं घेतलं नव्हतं." तिच्यामागे आणखी दोघी होत्या. त्यांनीही तेच विचारले. ओळ काढायची तर या एकवीस जणींना काय सांगायचे, हे शीलाला कळेना.

श्यामराव म्हणाले, "तुझा प्रश्न सोपा आहे. एका मुलीला झेंडा धरायला उभी कर. झेंडा धरणारा बोलत नाही."

"ती वर्गातली सगळ्यांत चांगली म्हणणारी मुलगी आहे."

"म्हणूनच झेंडा. मान राहतो, तोंड बंद राहतं. आमच्या कचेरीत असंच करतात."

शीलाने तसेच केले. एकोणीस तारखेला तिने वर्गात सांगितले, नलू झेंडा धरेल. तालमीच्या वेळी ती बांबू धरून उभी राहिली आणि बाकीची मुले ओळी विसरली की मागून ओठांनी सांगत राहिली. एक दिवस गुलाबचा मुलगा चारही ओळी विसरला, आणि नलूने त्या त्याच्या नावाने, त्याच्या आईच्या नावाने सबंध म्हणून दाखवल्या. शीलाने तिला गप्प राहायला सांगितले. त्या दिवशीच्या डायरीत आहे : "तालीम ठीक. नलूस बोलले."

मंगळवारी, चोवीस तारखेला, दुपारी वर्ग सुटता सुटता भागीरथा शेडच्या दाराशी आली. कामाच्या वेळी ती कधी येत नसे. हातात पोस्टकार्ड होते. पोस्टमनने ते रामाजीपाशी दिले होते, आणि रामाजीने शेजारच्या पोराला कामावर धाडून तिला बोलावून घेतले होते. कार्डाचा एक कोपरा फाडलेला होता. वाचता येत नसले तरी एवढे दोघांनाही समजले होते की कोणीतरी मेले. कोण, ते समजत नव्हते. रामाजीची म्हातारी आई गावी होती.

"वाचा, बाई. म्हातारी असन तं हळू वाचा."

शीलाने वाचले. अक्षर कोणा मास्तराचे होते. कौशल्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, पंधरा तारखेला, पहाटे वारली. आजार जुनाच. दहावा चोवीसला आहे. फकिरा बरा आहे. म्हातारी बरी आहे.

भागीरथा दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली. मग बोटांवर मोजू लागली. सोळा, सतरा, अठरा. रविवारी सुट्टी. पुन्हा मोजले.

"आठ दिवस," ती म्हणाली. "ते गेल्यावर आठ दिवस मी तिची हजेरी देल्ली. ते तिकडं राख झाली अन मी इकडं रोज हाजिर म्हनून राहिली." तिने बोटे मिटली. "आज सकाळी बी म्हटलं."

"तुला माहीत नव्हतं."

"मालूम नव्हतं तवा चाललं. उद्या सकाळी तं मालूम राह्यन ना."

मुले निघून गेली होती. नलू तेवढी बांबूचा झेंडा भिंतीला टेकवत मागे राहिली होती. आई रडत नाही असे पाहून तीही रडली नाही.

"घरी जा, भागीरथा. सुतक असेल तुम्हाला."

"हव. आंघोळ कराची हाय. लुगडं धुवाचं हाय." ती निघाली आणि पुन्हा वळली. "बाई, नलूले म्हनू द्या परवा."

"काय म्हणू दे?"

"जे हाय ते. ते जित्ती होती तवा तिचं नाव म्या उसनं घेतलं होतं. तिनंच देल्लं होतं. आता ते नाई. आता ते नाव माह्या अंगावर राह्यलं तं मी कोन झाली, सांगा. फकिराची बायको मेली अन फकिराची बायको कामावर जाऊन राहिली?" तिने डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला. "माह्यानं नाई होत."

"काम जाईल."

"हव, जाईल."

पंचवीस तारखेला भागीरथा कामावर गेली नाही. मस्टरवर कौशल्याचा खाडा लागला. शीलाने बांबू दुसऱ्या मुलाच्या हातात दिला आणि नलूला रांगेत सातव्या जागी उभे केले. तालीम करून घ्यायची गरज पडली नाही.

सव्वीस तारखेला सकाळी आठलाच शेडपुढचे मैदान भरले. भोंगा पावर हाउसच्या एका दुकानातून भाड्याने आणला होता, आणि त्याच्यासोबत आलेला माणूस दर दोन मिनिटांनी "हॅलो, हॅलो" करीत होता. पुढे तीन खुर्च्या. मधली भैयालालची. त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता आणि कानामागे पेन्सिल नव्हती, त्यामुळे तो जरा दुसराच कोणी वाटत होता. एका बाजूला श्यामराव बसले. बाया मागे जमिनीवर बसल्या. गुलाब खाडा करून आली होती, डोक्यात फूल माळून. भागीरथा सगळ्यांत मागे, भिंतीला टेकून बसली. सुतकामुळे ती कोणाला शिवणार नाही अशी बसली होती. रामाजीला उन्हात बाजेवर आणून बसवले होते.

मुले एकेक करून आली. पहिल्याने इतक्या हळू म्हटले की भोंगेवाल्याने त्याचे डोके धरून माइकजवळ नेले. तिसऱ्याने आईच्या नावाच्या जागी 'माय' म्हटले आणि परत जागेवर पळाला. गुलाबच्या मुलाने एकही ओळ सोडली नाही. गुलाबचे नाव भोंग्यातून निघाले तेव्हा तिने दोन्ही हातांनी तोंड झाकले आणि शेजारची तिला कोपराने ढोसत राहिली.

सातवी नलू.

"नाव माझे नलू, गाव माझे भिलाई, बाप माझा रामाजी, भागीरथा आई."

आवाज भोंग्याशिवायच पोचला असता. शीला बाजूला उभी होती. ती भैयालालकडे पाहत होती. भैयालालने मान डोलावली, जशी त्याने आधीच्या सहांना डोलावली होती. मग शेजारच्या श्यामरावांशी भोंग्याच्या भाड्याबद्दल काही बोलला. त्याला काही कळले नव्हते. वस्तीत भागीरथा नावाची बाई आहे की नाही, तिची पोर कुठली, हे त्याला कशाला ठाऊक असणार? रोज सकाळी त्याच्यापुढून चारशे माणसे जात, आणि तो वर न पाहता आकडे पाहत असे. झाले, निभावले, असे शीलाला वाटले. राहिलेल्या मुलांकडे तिचे अर्धेच लक्ष होते. झेंडावंदन झाले, मुलांना चुरमुरे आणि गूळ वाटला, बाया उठू लागल्या.

तेवढ्यात मागून भागीरथा सरळ खुर्च्यांपाशी आली. बाया बाजूला झाल्या. भैयालालपासून चार हातांवर ती थांबली, गळ्यातला बिल्ला काढला आणि जमिनीवर ठेवला.

"ये क्या है?" भैयालालने विचारले.

"कौशल्याचा बिल्ला हाय. कौशल्या मर गई. पंधरा तारीख को."

"तो तुम कौन हो?"

"मी भागीरथा. रामाजीची बायको. आत्ता पोट्टीनं सांगतलं ते."

भैयालाल तिच्याकडे पाहत राहिला. त्याने कानामागे हात नेला, पेन्सिल नव्हती म्हणून तो खाली आणला. "साढ़े तीन साल?"

"हव."

भैयालाल शीलाकडे वळला, आणि त्याचा आवाज चढला तो तिच्यावर. "बहनजी, मेरे मस्टर में आधे लोग दूसरे के नाम पर चल रहे हैं। मुझे क्या दिखता नहीं? मैं आँख बंद रखता हूँ। बाल-बच्चे वाले लोग हैं। पर ये चार सौ आदमी के सामने खड़ी होकर बोल रही है। अब आँख कैसे बंद रखूँ? आप कविता सुनाओ, ठीक है। हाजिरी तो मुझे लगानी है।"

"तिची साडेतीन वर्षं खरी आहेत," शीला म्हणाली. "गिट्टी तिनंच वाहिली."

"ढोई होगी। मस्टर में तो कौशल्या ने ढोई।" त्याने बिल्ला उचलून आकडा पाहिला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. "मरे का नाम कटेगा। और नई की भर्ती बंद है। गर्मी में दूसरा काम खुले तो आना। तब नाम सीधा लिखवाना।"

"सीधाच लिवाईन," भागीरथा म्हणाली.

भैयालाल गेला. जाताना त्याने शेडची किल्ली परत मागितली नाही. शीलाला वाटत होते की मागेल.

शीलाच्या डोळ्यांत पाणी आले होते. भागीरथाने ते पाहिले. "तुमी कावून रडून राहिल्या? बिल्ला मीच ठेवला ना खाली. त्यानं नाई मांगतला." मग नलूकडे वळून ती म्हणाली, "चाल वो. तुह्या बापाले पेज कराची हाय. ऊन तापलं."

पुढचे शीलाच्या पुढच्या वह्यांतून कळते, तेही तुकड्यातुकड्यांत. फेब्रुवारीत शिरगणतीचा माणूस वस्तीत आला, तेव्हा भागीरथाने त्याला आपले नाव आणि नवऱ्याचे नाव कोणाची वाट न पाहता सांगितले. त्याने शीलाला तसे मुद्दाम सांगितले, कारण झोपड्यांच्या त्या रांगेतल्या बहुतेक बाया नवऱ्याचे नाव घेत नव्हत्या. तीन महिने भागीरथा हथखोजकडच्या शेतांवर आणि वीटभट्टीवर जात राहिली. मार्चमध्ये रामाजीचा दमा फार वाढला. एप्रिलच्या शेवटी विस्ताराचे काम निघाले आणि तिला बिल्ला मिळाला, भागीरथा रामाजी या नावाचा. त्या यादीत तिचे नाव शेवटून चौथे होते. पुढे ती कारखान्यातच साफसफाईच्या कामावर पक्की झाली, पण बरोबरच्या बायांच्या मागून, कारण साडेतीन वर्षे कौशल्याबरोबर गेली होती. याबद्दल ती कधी बोलली नाही. एकदाच, बऱ्याच वर्षांनी, गुलाब आधी निवृत्त झाली तेव्हा म्हणाली, "माही जाऊ माह्या आधी पेन्शनीत गेली असती." नलू दहावीपर्यंत शिकली आणि गोंदियाला दिली. शीलाचा वर्ग आणखी पाच वर्षे त्याच शेडमध्ये चालला. ती कविता दर सव्वीस जानेवारीला म्हटली जाई. भैयालाल दर वर्षी मधल्या खुर्चीवर येऊन बसे. पण त्या साली यातले पुढचे कोणालाच ठाऊक नव्हते.

त्या दिवशी, गुरुवारी, श्यामराव जेवताना म्हणाले, "ती बोलली नसती तर त्याला कळलंही नसतं."

"हो."

"मग कशासाठी?"

शीलाने त्यांना आमटी वाढली. उत्तर तिच्यापाशी होते, पण सांगताना ते आपले होईल आणि भागीरथाचे राहणार नाही, असे तिला वाटले. भांडी आवरून ती डायरी घेऊन बसली. दहा तारखेचे पान काढून तिने नलूच्या ओळीत 'भागीरथा'पुढे लिहिले, 'मस्टरवर कौशल्या, आजपर्यंत'. मग आजचे पान.

गुरुवार, २६ जानेवारी १९६१
कार्यक्रम आठ वाजता सुरू, वेळेवर. बावीस मुले हजर. एक ओळ विसरला, एक पळाला, बाकी चांगली म्हणाली. भागीरथाने बिल्ला परत केला. काम गेले. भोंगा साडेदहाला परत पाठवला. स्टोव्हची पिन मोडली. रात्रीचा भात चुलीवर केला, खाली थोडा लागला.